न्यूट्रल वायर किती स्क्वेअर एमएमची घ्यायची? नवख्या वायरमनसाठी आणि घर बांधणाऱ्यांसाठी

साइटवर नवीन पोरगं आलं की मी त्याला पहिल्याच दिवशी विचारतो, न्यूट्रलमध्ये करंट असतो का रे? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, "नाही दादा, टेस्टर लागतच नाही ना." टेस्टर लागत नाही हे खरंच आहे, पण टेस्टर करंट दाखवत नाही, व्होल्टेज दाखवतो, आणि न्यूट्रल तिकडे डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, अर्थ केलेला असल्यामुळे त्याचं व्होल्टेज शून्याच्या आसपास असतं म्हणून टेस्टर गप्प बसतो. करंट मात्र गीझरला फेजमधून जेवढा गेला तेवढाच्या तेवढा न्यूट्रलमधून परत येतो. कमी परत आला तर आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, ट्रिप होते, तिचं कामच ते आहे.

हा एक गैरसमज डोक्यात बसला की पुढे सगळं चुकत जातं. फेजला अडीचची (म्हणजे अडीच स्क्वेअर एमएमची) वायर आणि न्यूट्रलला दीडची, कारण "रिटर्न तर आहे". चार सर्किटचा मिळून एक न्यूट्रल, कारण पाईपात जागा नाही. आणि यात खरी मेख अशी की फेजला राखण आहे, एमसीबी बसलेली असते, जास्त करंट गेला की ती पडते. न्यूट्रलला कुणी राखण नाही. तो तापला, त्याचं पीव्हीसी मऊ झालं, काळं पडलं, वितळलं, तरी डीबीतली (सगळ्या एमसीबी बसतात त्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातली) एकही एमसीबी हलत नाही. म्हणून न्यूट्रलची साइज काढताना एकच प्रश्न धरून चालायचं, की या वायरमधून वाईटात वाईट वेळी किती अँपिअर जाऊ शकतात, आणि तेवढे गेले तर थांबवणारं कोण आहे?

सुरू करण्याआधी एक गोष्ट, हे वाचून कुणी स्वतःच डीबी उघडून बसू नका. काम परवानाधारक वायरमनने किंवा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं, टेस्ट रिपोर्टवर सही त्याचीच लागते. घरमालकांनी हे वाचायचं ते आपल्या वायरमनला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून.

पहिलं काम: सप्लाय कसला आहे ते बघा, डीबी बघून ठरवू नका

सिंगल फेज की थ्री फेज, हे मीटरवर बघायचं. डीबीवर नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे बऱ्याच घरात थ्री फेजची डीबी असते, तिन्ही बार दिसतात, लाल पिवळी निळी वायर दिसते, पण मीटरकडून येतो एकच फेज आणि आत तिन्ही बार एका तुकड्याने जोडून टाकलेले असतात. पुढेमागे थ्री फेज घेऊ म्हणून डीबी मोठी घेतलेली असते, चांगला विचार आहे, पण न्यूट्रलच्या हिशोबात यानेच घात होतो.

कसं ते बघा. खऱ्या थ्री फेजमध्ये तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी लांब असतात, त्यामुळे तिन्हीवर सारखा लोड असेल तर तिघांचे करंट न्यूट्रलमध्ये येऊन एकमेकांना काटतात आणि न्यूट्रल जवळपास रिकामा राहतो. पण तिन्ही बार एकाच फेजवर असतील तर काटाकाटी काही नाही, सरळ बेरीज. प्रत्येक बारवरच्या सर्किटमध्ये १४ अँपिअर आणि तिघांना मिळून एकच न्यूट्रल ओढलाय, तर त्या न्यूट्रलमधून ४२ अँपिअर, आणि तिन्ही एमसीबी १६ अँपिअरच्या असल्यामुळे आरामात चालू! हाच प्रकार जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर बसवल्यावर होतो, एरवी थ्री फेजवर व्यवस्थित चाललेलं घर लाईट गेल्यावर सिंगल फेज जनरेटरवर येतं, चेंजओव्हर तिन्ही फेज एकत्र करतो आणि कॉमन न्यूट्रलची वाट लागते.

सिंगल फेज: यात हिशोब नाही, फेजएवढाच न्यूट्रल

घरातलं दोन तारांचं सर्किट असेल, म्हणजे एक फेज एक न्यूट्रल, तर न्यूट्रल फेजच्याच साइजचा. यात सूट नाही, चर्चा नाही. आयइसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये हेच आहे आणि आपल्या आयएस ७३२ ची २०१९ ची आवृत्ती त्याच धर्तीवर आहे. मग खरा प्रश्न उरतो तो फेजच्या साइजचा, तो इथेच उरकून घेऊ.

भिंतीतल्या पाईपात तांब्याची पीव्हीसी वायर, ३० डिग्रीला, दोन तारांचं एकच सर्किट, तर दीडची वायर १७.५ अँपिअर नेते, अडीचची २४, चारची ३२, सहाची ४१, दहाची ५७. तीन फेजचं सर्किट असेल तर तीन तारा तापतात म्हणून आकडे थोडे खाली येतात, दीडला १५.५, अडीचला २१, चारला २८, सहाला ३६, दहाला ५०, सोळाला ६८.

पण हे ३० डिग्रीचे आकडे आहेत. स्लॅबमधल्या पाईपात मे महिन्यात ३० डिग्री कुठून येणार? ४० डिग्री धरली तर ०.८७ ने गुणा, ४५ धरली तर ०.७९ ने, आणि विदर्भातल्या मित्रांनी पत्र्याखालच्या पाईपाला ५० धरून ०.७१ लावलं तरी मी त्यांना वेड्यात काढणार नाही. त्यात एका पाईपात दोन सर्किट असतील तर परत ०.८, तीन असतील तर ०.७, चार असतील तर ०.६५.

उदाहरण घ्या. दोन किलोवॅटचा गीझर, ८.७ अँपिअर, एमसीबी १६ ची. पाईपात एकूण तीन सर्किट, उष्णता ४० डिग्री. अडीचची वायर धरली तर २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७, म्हणजे १४.६ अँपिअर. एमसीबी १६ ची आहे, म्हणजे वायर एमसीबीपेक्षा कमजोर निघाली. चारची घेतली तर ३२ वरून १९.५ येतात, बसतंय. मग फेज पण चारची आणि न्यूट्रल पण चारचा. इथे कुणी म्हणेल गीझर तर पावणेनऊच घेतो, अडीच पुरे की. पुरेल, आज पुरेल, पण वायर भिंतीत पंचवीस तीस वर्षं राहते आणि उद्या त्याच पॉइंटवर तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर लागेल. साइज एमसीबी बघून ठरवायची, उपकरण बघून नाही. अडीचचीच ठेवायची असेल तर एमसीबी १० ची लावा किंवा त्या सर्किटला पाईप वेगळा द्या, ते पण चालतं.

कॉमन न्यूट्रल: सगळ्यात जास्त घोळ इथेच

घरोघरी दिसणारा प्रकार सांगतो. एका बोर्डावर लाईटचं सर्किट येतं, दीडची वायर, १० ची एमसीबी. त्याच बोर्डावर पॉवरचा पॉइंट, अडीचची वायर, १६ ची एमसीबी. दोन फेज आले, पण न्यूट्रल एकच ओढलाय आणि तोही दीडचा, बोर्डात लूप करून दोघांना दिलाय. दोन्ही एमसीबी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोघी मिळून त्या दीडच्या न्यूट्रलमधून २६ अँपिअर जाऊ देतात. वर पाईपातल्या उष्णतेचा हिशोब लावला तर त्या वायरची कुवत १५ च्या वर जात नाही.

नियम असा की प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतःचा, डीबीतल्या न्यूट्रल लिंकपर्यंत (सगळे न्यूट्रल स्क्रूने बसतात ती पट्टी) स्वतंत्र, मध्ये कुठे दुसऱ्याशी भेट नाही. आणि लिंकवर पण ओळीने लावायचा, एक नंबर एमसीबीचा न्यूट्रल एक नंबरच्या भोकात. दोन वर्षांनी तुम्हीच फॉल्ट शोधायला येणार असता, तेव्हा स्वतःलाच दुवा द्याल.

याला एकच अपवाद चालतो. खऱ्या थ्री फेज सर्किटमध्ये तीन वेगवेगळ्या फेजचे सिंगल फेज लोड एका न्यूट्रलवर घेता येतात, पण ते एकच सर्किट आहे हे ओळखू आलं पाहिजे आणि सगळ्या जिवंत तारा एकदम तोडणारा आयसोलेटर पाहिजे. जिवंत तारांत न्यूट्रलही धरायचा बरं का. तीन सुट्या सिंगल पोल एमसीबी लावून नाही, कारण एक पाडून काम करायला बसलेल्या माणसाने न्यूट्रल सोडला की उरलेल्या दोन फेजचा करंट त्याच्या हातातल्या तारेवर येतो. घराच्या कामात मी तर ही सूट घेतच नाही.

आणि आरसीसीबी दोन असतील तर कॉमन न्यूट्रल असा पण चालत नाही. एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसरीच्या न्यूट्रलने परत आला की दोन्ही पडतात. पाहुणे आल्यावर बेडरूमचा पंखा लावला की हॉलची आरसीसीबी पडते, असलं काही ऐकलं की मी आधी न्यूट्रल लिंकच उघडतो. मग काही शहाणे आरसीसीबीच काढून टाकतात. आजार राहतो आणि डॉक्टरला घालवतात.

न्यूट्रलमध्ये फ्यूज नाही, एकटा स्विच नाही

वर मी म्हटलं न्यूट्रलला राखण नाही, तर कुणाच्याही मनात येईल की मग टाकू न्यूट्रलमध्ये पण एक फ्यूज. नाही! जुन्या घरांत अजून दिसतात, मेन स्विचमध्ये दोन किटकॅट फ्यूज, एक फेजला एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की घरातले सगळे दिवे बंद, माणूस समजतो लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज जिवंत उभा असतो. १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये ३२ नंबरचा नियम याचाच होता, तोच पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या रेग्युलेशनमध्ये आला. न्यूट्रलमध्ये कटआउट किंवा स्विच टाकायचा तर तो फेजबरोबरच एका दांडीने चालणारा पाहिजे. म्हणजे सिंगल फेजला डबल पोल, थ्री फेजला फोर पोल. एकटा न्यूट्रल कधी तुटता कामा नये.

तुटला तर काय होतं ते मी माझ्याच हाताने करून बघितलंय. सुरुवातीची वर्षं होती, थ्री फेजचं घर, न्यूट्रल लिंकवरचा मेन स्क्रू ढिला वाटला म्हणून म्हटलं जरा काढून नीट बसवू, आणि मेन बंद करायचा आळस केला. स्क्रू सुटला, तार एक सेकंद भोकाबाहेर आली. वरच्या मजल्यावरून टप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ मालकीणबाईंची हाक. टीव्ही गेला, सेट टॉप बॉक्स गेला, स्वयंपाकघरातले दोन एलईडी गेले. पैसे मी भरले, हप्त्याने भरले.

झालं काय होतं? तीन फेजची नावं आर, वाय, बी. आर फेजवर दोन हजार वॅटचा गीझर चालू होता, वाय फेजवर टीव्ही आणि बारीकसारीक मिळून दोनशे वॅट धरा, तिसरा फेज रिकामा. न्यूट्रल तुटला की हे दोघं आर आणि वायच्या मध्ये एकामागे एक लागतात, दोन टोकांना ४०० व्होल्ट. गीझरचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम, टीव्हीच्या बाजूचा २६४. व्होल्टेज रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटलं जातं, म्हणजे गीझरला ३६ व्होल्ट मिळाले आणि टीव्हीच्या वाट्याला आले ३६४. जो बिचारा कमी खातो त्याच्याच डोक्यावर सगळं. बारीक न्यूट्रल तापून जळला किंवा त्याचा जॉइंट सैल झाला तरी शेवट हाच, फक्त तो रात्री दोनला होतो आणि तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणी उभं नसतं.

थ्री फेज: आता जरा आकडेमोड

समजा बंगला आहे, आर वर २२ अँपिअर, वाय वर १५, बी वर ८. न्यूट्रलमध्ये किती? तिन्हींचे वर्ग करून बेरीज करा, त्यातून दोन दोनचे गुणाकार वजा करा, आणि वर्गमूळ काढा. ४८४ अधिक २२५ अधिक ६४, त्यातून ३३० गेले, १२० गेले, १७६ गेले, उरले १४७, वर्गमूळ १२.१ अँपिअर.

म्हणून न्यूट्रल १२ अँपिअरचा घ्यायचा का? नाही ना. दुपारी वाय आणि बी वरचं सगळं बंद असेल आणि आर वरचा एसी, गीझर, इस्त्री चालू असेल तर न्यूट्रलमधून २२ च्या २२ जाणार. हिटर, मोटर, साधे दिवे असला साधा लोड असेल तर न्यूट्रलचा करंट सगळ्यात जड फेजच्या वर सहसा जात नाही, पण तिथपर्यंत जातो. तेव्हा फेजएवढा न्यूट्रल ठेवला की निवांत. कोड पण तेच सांगतो, तांब्याची फेज १६ स्क्वेअर एमएमपर्यंत किंवा ॲल्युमिनिअमची २५ पर्यंत असेल तर न्यूट्रल फेजएवढा पाहिजेच. घर, दुकान, छोटं हॉस्पिटल, सगळं यातच येतं, त्यामुळे नवख्याने न्यूट्रल कमी करण्याचा विचारच डोक्यात आणू नये.

फेजपेक्षा जाड न्यूट्रल? हो, लागतो

हे ऐकून जुने मिस्त्री हसतात. पण कॉम्प्युटर क्लास, कोचिंगच्या अभ्यासिकेचं काम, एलईडीने भरलेलं कपड्याचं शोरूम, असल्या ठिकाणी बघा. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर करंट सरळ वळणाने घेत नाहीत, व्होल्टेजच्या टोकावर घाईघाईने घोट घेतल्यासारखा घेतात. त्यामुळे ५० हर्ट्झच्या करंटबरोबर १५० हर्ट्झचा पण करंट तयार होतो, त्याला थर्ड हार्मोनिक म्हणतात. आणि याची गंमत अशी की तिन्ही फेजचा थर्ड हार्मोनिक एका तालात चालतो. १२० अंशांचं अंतर तिप्पट झालं की ३६० होतं, म्हणजे परत जागेवरच! ५० हर्ट्झवाले एकमेकांना काटतात, १५० वाले न्यूट्रलमध्ये खांद्याला खांदा लावून येतात. लोड अगदी समान वाटलेला असला तरी.

कोडमधला हिशोब असा. फेज करंटमध्ये थर्ड हार्मोनिक १५ टक्क्यांपर्यंत असेल तर काही करू नका. १५ ते ३३ टक्के असेल तर न्यूट्रल फेजएवढा आणि केबलची कुवत ०.८६ ने गुणून धरा, कारण आता तीन नाही, चार तारा तापणार. ३३ च्या वर गेलं की साइज फेजवरून नाही, न्यूट्रलच्या करंटवरून काढायची, ४५ टक्क्यांपर्यंत ०.८६ लावून आणि त्याच्या वर काही न लावता. न्यूट्रलचा करंट म्हणजे फेज करंट गुणिले हार्मोनिकचा भाग गुणिले तीन.

कॉम्प्युटर लॅब घेऊ. थ्री फेज, २५ ची एमसीबी, हार्मोनिक ५० टक्के धरलं, उष्णता ४० डिग्री. फेजचा हिशोब, २५ भागिले ०.८७ म्हणजे २८.७ अँपिअर, चारची वायर २८ नेते, थोडक्यात कमी पडली, म्हणून सहाची. न्यूट्रलचा हिशोब, २५ गुणिले ०.५ गुणिले ३, म्हणजे ३७.५, भागिले ०.८७ म्हणजे ४३. सहाची वायर ३६ नेते, पुरत नाही, दहाची लागते. सुट्या वायर पाईपातून ओढत असाल तर फेज सहाची आणि न्यूट्रल दहाचा, चालतं, चौघी तापतात म्हणून फेजला ०.८६ लावून बघितलं तरी ३३.४ येतात आणि सहाची ३६ नेते. चार कोअरची केबल असेल तर सगळीच दहाची घ्या.

टक्केवारी कुठून आणायची? नवीन कामात मालकाकडून लोडची यादी घ्या, अर्ध्याहून जास्त लोड कॉम्प्युटर आणि स्वस्त एलईडी असेल तर ५० टक्के धरून चला, त्यात कुणाचं नुकसान नाही. चालू असलेल्या ठिकाणी टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं मीटर, लावा, ट्रू आरएमएस वाला पाहिजे, साधा चुकीचं दाखवतो. तिन्ही फेज बघा, मग न्यूट्रल बघा. तिन्ही फेज अठरा अठरा दाखवतायत आणि न्यूट्रल २३ दाखवतोय, तर समजून जा. मीटरवर हर्ट्झचं बटण असेल तर न्यूट्रलवर धरून दाबा, १५० दिसलं की शंका उरत नाही.

व्हीएफडीला, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला, लोक उगाच घाबरतात. थ्री फेज ड्राइव्हला न्यूट्रल जोडलेलाच नसतो, त्यांचं हार्मोनिक पाचवं आणि सातवं असतं, ते दुसरा त्रास देतं पण न्यूट्रलला नाही.

साडेतीन कोअरची केबल

मोठ्या लाइनला, सोसायटीचा मेन, कारखान्याचा फीडर, ॲल्युमिनिअमची साडेतीन कोअर घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. अर्धी कोअर म्हणजे न्यूट्रल. ५० च्या केबलला २५, ७० ला ३५, ९५ ला ५०, १२० आणि १५० दोघांना ७०. मोटरच्या लोडला उत्तम, पैसे वाचतात. पण कमी न्यूट्रल चालायला तीन अटी आहेत, लोड तिन्ही फेजवर समान, हार्मोनिक १५ टक्क्यांच्या आत, आणि न्यूट्रलला स्वतःचं ओव्हरलोड प्रोटेक्शन जे फेज तोडेल. शिवाय न्यूट्रल तांब्यात १६ च्या आणि ॲल्युमिनिअममध्ये २५ च्या खाली नाही. आता बाजारातली ३५ ची साडेतीन कोअर बघा, तिचा न्यूट्रल १६ चा असतो. ॲल्युमिनिअममध्ये! म्हणजे या शेवटच्या अटीतच ती बसत नाही. तिथे सरळ चार कोअर मागा, दुकानदार म्हणेल "सगळे साडेतीनच नेतात", नेऊ देत.

पन्नासच्या पुढे साडेतीन घेतलीत आणि लोड फ्लॅटचा किंवा ऑफिसचा असेल तर फोर पोल एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर) घ्या ज्यात न्यूट्रलचं सेटिंग वेगळं करता येतं, आणि ते खरंच सेट करा, खोक्यातून आलं तसं ठेवू नका.

लांब अंतर

वस्तीवर मीटर एकीकडे, गोठा साठ मीटरवर. १० अँपिअरचा लोड. व्होल्टेज जाताना पण पडतं आणि येताना पण, न्यूट्रलची लांबी धरायला विसरू नका. अडीचची फ्लेक्झिबल तांब्याची वायर किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे जाऊन येऊन १२० मीटरला साडेनऊ व्होल्टच्या वर पडतं, २३० च्या चार टक्क्यांहून जास्त. दिव्याला ३ टक्के आणि बाकीला ५ टक्के ही मर्यादा धरतात. आणि कुणी न्यूट्रल दीडचा ओढला तर पावणेतेरा व्होल्ट पडतात, साडेपाच टक्के, दूध काढायचं मशीन कुंथायला लागतं. चारची दोन्ही बाजूने ओढली तर सहा व्होल्ट. घ्या चारची.

साइज बरोबर, जॉइंट चुकला तर सगळं पाण्यात

एक गोष्ट मी प्रत्येक पोराला हातात घेऊन दाखवतो. चारच्या फ्लेक्झिबल वायरमध्ये ०.३ एमएमच्या ५६ तारा असतात. न्यूट्रल लिंकचं भोक बारीक असलं की पोरं काय करतात, टोकाच्या वीसेक तारा कटरने उडवतात आणि उरलेल्या पिळून घुसवतात. मोजा आता, ५६ मधून २० गेल्या, उरल्या ३६. अडीचच्या वायरमध्ये तारा किती असतात? ३६. मालकाने पैसे चारचे दिले, तुम्ही लिंकवर त्याची अडीच करून ठेवलीत, आणि तीही नेमकी जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे. भोक लहान असेल तर मोठी लिंक आणा, किंवा पिन लग क्रिम्प करून घाला.

एका भोकात एकच तार. दोन घातल्या की एक घट्ट बसते आणि दुसरी बसल्याचं नाटक करते. ॲल्युमिनिअमची सर्व्हिस केबल तांब्याच्या बारवर थेट नको, दोन्ही धातूंना चालणारा बायमेटॅलिक लग घ्या. रंग काळा तो न्यूट्रलच, काळी वायर स्विचच्या परतीला वापरून पुढच्या माणसाला फसवू नका. आणि न्यूट्रल कमी पडतोय म्हणून अर्थिंगच्या वायरला जोडून काम भागवणारे पण भेटतात, त्यांच्या घरचा फ्रीज एक दिवस हात लावणाऱ्याला झटका देणार, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला की त्या फ्रीजच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

काम झाल्यावर

सप्लाय बंद ठेवून आधी प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल लिंकवरून सोडा आणि दुसऱ्या सगळ्या न्यूट्रलशी मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा. बीप आला तर कुठेतरी बोर्डात दोन न्यूट्रल भेटलेत, आत्ताच शोधा, प्लास्टर ओलं आहे तोवर. मग मेगर मारा, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावा, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये पण, हे बरेच जण सोडून देतात. सप्लाय दिल्यावर सगळ्यात लांबच्या सॉकेटवर इस्त्री लावून न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा, एक दोन तीन व्होल्ट असतील तर ठीक, सात आठ दिसले तर वायर बारीक आहे, लांब आहे किंवा स्क्रू ढिला आहे, उलट्या क्रमाने तपासा, कारण बहुतेक वेळा स्क्रूच निघतो.

आणि महिन्याभराने एकदा फोन करून जा. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून न्यूट्रल लिंकचे सगळे स्क्रू परत आवळा. बारीक तारा पहिल्या महिन्यात दबून बसतात आणि प्रत्येक स्क्रू पाव अर्धा आटा घेतोच, चहा पण मिळतो.